गळ्यातला काटा आणि रूपकाची घाई

मराठी भाषेने गळ्याइतके काम दुसऱ्या एखाद्या अवयवाला क्वचितच लावले असेल. कंठ दाटून येतो, आवंढा गिळावा लागतो, शब्द घशात अडकतात, अपमान मुकाट्याने गिळला जातो, प्रकरण गळ्याशी येते आणि नको असलेली जबाबदारी कुणीतरी अलगद आपल्या गळ्यात मारतो. या साऱ्या प्रयोगांत प्रत्यक्ष गळा कुठेच नसतो. तो केव्हाच रूपक होऊन बसला आहे. आम्ही दोघेही गेली अठरा-वीस वर्षे महाविद्यालयांत मराठी शिकवतो, त्यामुळे हा रूपकाचा गळा आमच्या चांगलाच परिचयाचा. प्रत्यक्ष गळ्याशी, म्हणजे त्या मांसल, ओलसर आणि अरुंद वाटेशी आमचा संबंध आला तो पुष्कळ उशिरा, आणि एका माशाच्या काट्यामुळे. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि विचारले, ते साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण या वैद्यकीय विषयाच्या तळाशी आमच्याच विषयातला एक जुना प्रश्न आहे. समोरचा माणूस जे सांगतो आहे ते अगोदर शब्दशः घ्यायचे, की त्याचा अर्थ लावायला लगेच सुरुवात करायची?

आरंभ 'शल्य' या शब्दापासून करू. आजच्या मराठीत शल्य बहुधा मनात असते. एखादी गोष्ट राहून गेल्याचे शल्य, कुणाशी अखेरचे बोलणे न झाल्याचे शल्य. शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदी टोकदार आहे: बाण, बाणाचे अग्र, काटा, शरीरात शिरलेली आणि तिथे नसायला हवी अशी वस्तू. ती काढण्याची विद्या म्हणून शल्यतंत्र, आणि ती जाणणारा तो शल्यविशारद. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्याची जी कल्पना आहे, तिच्यात शरीराला आणि मनाला पीडा देणारे ते सर्व सामावते. सत्ताविसाव्या अध्यायात शल्य बाहेर काढण्याचे १५ उपाय मोजले आहेत. काही शल्ये आपोआप निघतात, काही पिकून, काही पिळून, काही धुऊन, काही ओकारीने, काही चोखून, काही लोहचुंबकाने. या यादीतला शेवटचा उपाय आहे 'हर्ष'. हृदयात रुतलेले शोकाचे शल्य आनंदाने काढावे, असे सुश्रुताचे सांगणे. लोहचुंबक आणि हर्ष एकाच यादीत बसवणाऱ्या या ग्रंथकाराविषयी साहित्याच्या माणसाला प्रेम वाटले नाही तरच नवल.

पण या यादीतला क्रम बारकाईने पाहावा. हर्ष शेवटी येतो. त्याआधी चौदा उपाय खऱ्याखुऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूंसाठी आहेत. गळ्यातल्या शल्यांचा विचार त्याच अध्यायात स्वतंत्रपणे केला आहे आणि तो कमालीचा व्यवहारी आहे. गळ्यात हाडासारखे काही आडवे अडकले असेल, तर केसांचा गुंडा एका लांब, बळकट दोऱ्याला बांधून पातळ पदार्थाबरोबर गिळायला द्यावा. रुग्णाला गळ्यापर्यंत पाणी पाजून ओकारी काढावी. केसांत शल्य गुंतले असे जाणवताच दोरा एकदम ओढून घ्यावा. लाखेचा तुकडा अडकला असेल, तर आधी गळ्यात नळी घालावी, तिच्यातून तापलेली सळई आत न्यावी, ती लाखेत रुतली की पाण्याने थंड करावी आणि चिकटलेल्या लाखेसह बाहेर घ्यावी. अडकलेली वस्तू लाखेची नसेल, तर सळईलाच लाख किंवा मेण लावून तोच प्रयोग करावा. घास अडकला असेल, तर रुग्णाच्या नकळत त्याच्या खांद्यावर मूठ मारावी. आणि शल्य निघाल्यावर गळ्याला जखम झालेली असल्यास मध व तूप चाटवावे. म्हणजे काटा आणि काट्याने केलेली जखम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान तिथे आहे. पुढे हेच भान आमच्या कथेत महत्त्वाचे ठरणार आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याच कामासाठी एका नळीचे वर्णन येते. लांबी १० अंगुळे, घेर ५ अंगुळे. नाव आहे 'कंठशल्यावलोकिनी'. गळ्यातले शल्य जिच्यातून पाहायचे ती. असा नेमका, लांबलचक आणि तरीही लयदार शब्द आजच्या परिभाषा कोशकारांना सुचला असता, तर मराठीतली वैद्यकीय परिभाषा एवढी रुक्ष राहिली नसती. या नावाचा भर 'अवलोकन' या क्रियेवर आहे, हेही लक्षात घ्यावे. काढणे नंतर, आधी पाहणे.

पाहणे अवघड का, हे समजण्यासाठी गळ्याची रचना थोडी ठाऊक हवी. तोंड उघडून आरशात दिसतो तो गळ्याचा वरचा, फार थोडा भाग. माशाचे बारीक काटे पुष्कळदा तिथेच, टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततात. जिभेचे मूळ आणि स्वरयंत्राचे झाकण यांच्यामध्ये एक खोबण आहे. स्वरयंत्राच्या दोन्ही अंगांना दोन खळगे आहेत. तिथेही वस्तू लपून बसतात. त्याखाली अन्ननलिकेचे तोंड. एक वर्तुळाकार स्नायू ते एरवी आवळून बंद ठेवतो आणि गिळण्याच्या क्षणापुरते उघडतो. प्रौढ माणसात वरच्या पुढच्या दातांपासून हे ठिकाण सुमारे १५ सेंटिमीटरवर येते. अन्नमार्गाची ही सर्वांत अरुंद जागांपैकी एक, म्हणून नाणी, हाडे, कवळ्या, मांसाचे न चावलेले तुकडे येथे थांबतात. येथून सुटलेली वस्तू पुढे सुमारे २५ सेंटिमीटरवर, महारोहिणी आणि डावी श्वासनलिका जिथे अन्ननलिकेला टेकतात तिथे, किंवा सुमारे ४० सेंटिमीटरवर, श्वासपटलाच्या दारात अडू शकते. गळ्यात बोट घालून यातले काहीच हाती लागत नाही. उलट असलेली वस्तू आणखी खाली ढकलली जाते.

आता आमच्या घरातील प्रसंग. आमच्यापैकी एकाची आत्या, आणि लग्नानंतर दोघांचीही, मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका गावी एकटी राहत असे. वय चौऱ्याहत्तर. वरच्या दातांची कवळी. बोलणे बेताचे. तरुणपणी वैधव्य आलेले, दिरांच्या घरात आयुष्य गेलेले, आणि तक्रार म्हणून तोंडातून शब्द नाही. एका रविवारी रात्री तांबोशीच्या डोक्याचे सार जेवताना तिच्या गळ्यात काहीतरी टोचले. शेजारच्या बायका धावल्या. परंपरेने सांगितलेले सर्व झाले: भाताचे मुटके न चावता गिळायला लावले, पिकले केळे दिले, लिंबाचा रस पाजला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने तिला मोटरसायकलवरून जवळच्या शहरातील एका रुग्णालयात नेले. तिथे जीभ दाबून घसा पाहिला गेला, मानेचा बाजूने एक्स-रे काढला गेला. दोन्हींत काही दिसले नाही. काट्याने खरचटले असेल, दोन दिवसांत बरे वाटेल, असे सांगून गोळ्या दिल्या. निघताना तिथल्या एकाने शेजारच्या मुलाला बाजूला घेऊन म्हटले, "म्हातारी एकटी राहते ना? अशी माणसं फार मनावर घेतात."

हे वाक्य मुलाने घरी आल्यावर जसेच्या तसे सांगितले. वाडीत ते फिरले आणि फिरता फिरता त्याला आणखी खोली आली. आयुष्यभर दुःख गिळलेली बाई, आता ते गळ्याशी आले आहे, असा अर्थ लागला. आमच्या एका वाचनप्रिय नातलगाने फोनवर याच अर्थाचे दहा मिनिटांचे सुंदर विवेचन केले. विवेचनात उणीव एवढीच होती, की त्यात माशाचा उल्लेख नव्हता.

न्याय्यपणे एक गोष्ट सांगायला हवी. खरचटल्याचे निदान वरवर पाहता अडाणीपणाचे नव्हते. काटा गळ्यातून केव्हाच पोटात गेलेला असतो आणि त्याने काढलेला ओरखडा मात्र 'मी अजून इथेच आहे' असे एक-दोन दिवस सांगत राहतो, हे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत खरे असते. वस्तू मुळीच नसताना गळ्यात गोळा असल्यासारखे वाटणे, हीही एक प्रसिद्ध अवस्था आहे. पाश्चात्त्य वैद्यकात तिचे नाव शतकानुशतके उन्मादाशी, म्हणजे पर्यायाने स्त्रियांशी जोडलेले होते. १९६८ साली माल्कमसन या वैद्याने ते नाव अन्याय्य ठरवून 'घशातला गोळा' एवढेच साधे नाव सुचवले. पण या दोन अवस्थांत फरक करता येतो, आणि तो रुग्णाच्या बोलण्यातूनच करता येतो. वाटण्यातला गोळा नुसता आवंढा गिळताना जाणवतो आणि जेवताना बहुधा विसरला जातो. खरी वस्तू मात्र जेवतानाच दुखवते. पहिल्यात बोट गळ्याच्या मध्यावर मोघम फिरते. दुसऱ्यात ते पुष्कळदा एका जागी थांबते. ओरखड्याचे दुखणे दिवसागणिक कमी होते; वस्तूचे होत नाही, किंवा वाढते. थुंकी गिळता येत नसेल, ताप असेल, मान वळवताना दुखत असेल, छातीत किंवा पाठीत कळ असेल, तर वाट पाहायची नसते.

आम्ही बुधवारी पोहोचलो. आत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तांब्या आणि थुंकण्यासाठी राख घातलेली करवंटी. दोन दिवस तिने पेज सोडून काही घेतले नव्हते, आणि त्या दिवशी पेजही नको म्हणाली होती. तिने एका बोटाने गळ्याच्या खालच्या खळगीच्या जरा वर, किंचित डावीकडे दाखवले आणि म्हणाली, "हंयसर आसा तो. मी काय खोटा सांगतंय?"

आम्ही तिला कोल्हापूरला नेले. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंनी तिची तपासणी ज्या क्रमाने केली, तो आमच्या स्मरणात पक्का राहिला आहे. त्यांनी प्रथम कागदपत्रे बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून विचारले, "काय खाल्लं होतं आजी? मासा कुठला? काटा बारीक की जाड? कवळी तेव्हा तोंडात होती का?" कवळीचा प्रश्न आम्हांला अवांतर वाटला. नंतर त्यांनी समजावले, की कवळीने टाळू झाकलेला असतो; एरवी जिभेला आणि टाळूला घासात काटा चटकन कळतो, कवळीवाल्याला तो कळतच नाही, म्हणून अशा माणसांच्या गळ्यात मोठी हाडे जातात. मग त्यांनी आत्याला बोटाने जागा दाखवायला सांगितली. चमचाभर पाणी दिले आणि ती गिळताना तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग नाकातून बारीक, वाकणारी दुर्बीण घालून गळा पाहिला. काटा दिसला नाही, पण स्वरयंत्राच्या डाव्या बाजूच्या खळग्यात लाळ साचलेली दिसली. पुढची वाट अडल्याची ती खूण होती. "आजी म्हणतात ते बरोबर असणार," त्या म्हणाल्या, "फोटोत आलं नाही म्हणजे नाही असं नसतं."

असे का, तेही त्यांनी सांगितले. माशाच्या काट्यात चुना किती, तो जाड किती आणि क्ष-किरणांच्या वाटेत कसा आडवा-उभा पडला आहे, यांवर त्याची सावली अवलंबून असते. कित्येक काट्यांची सावली पडतच नाही. शिवाय उतारवयात स्वरयंत्राच्या कूर्चाही हाडासारख्या कठीण होत जातात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या मानेच्या चित्रात आधीच नाना रेषा असतात. कधी त्यांतलीच एखादी काटा म्हणून वाचली जाते, तर कधी खरा काटा त्यांच्यात लपून जातो. म्हणून त्यांनी सीटी स्कॅन करवला. त्यात अन्ननलिकेच्या तोंडाच्या किंचित खाली, आडवी रुतलेली एक पांढरी, बाकदार रेघ स्पष्ट दिसली. आत्याच्या बोटापासून फार दूर नव्हती ती.

त्याच रात्री पूर्ण भूल देऊन काटा काढला गेला. या कामाला लांब, ताठ धातूची नळी वापरतात. तिच्यातून पाहत पाहत उतरायचे, काट्याची दोन्ही टोके कुठे रुतली आहेत ते ओळखायचे, चिमट्याने एक टोक भिंतीतून सोडवायचे आणि टोकदार बाजू नळीच्या आत घेऊन मगच बाहेर यायचे. घाईने ओढले तर काटा जाता जाता अन्ननलिका फाडतो. फाटलेल्या जागेतून लाळ आणि जंतू मानेतून छातीत उतरतात आणि मग प्रश्न जिवाचा होतो. अन्ननलिकेत टोकदार वस्तू असेल, तर शक्यतो २ तासांत आणि फार तर ६ तासांत ती काढावी, असे युरोपातील एंडोस्कोपीतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१६ सालचे मार्गदर्शन आहे. आत्याच्या बाबतीत तिसरा दिवस मावळला होता. भिंतीला सूज होती, पण छिद्र पडले नव्हते. काटा अडीच सेंटिमीटर लांबीचा निघाला. दोन दिवसांनी तिने गुरगुट्या भात खाल्ला. भाताचे मुटके आणि केळे यांविषयी डॉक्टरबाईंना विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, की ज्यांचा काटा या उपायांनी गेला ते आमच्याकडे येत नाहीत, म्हणून उपायांची कीर्ती टिकते. रुतलेला काटा मात्र त्या मुटक्याने अधिक खोल जातो.

या प्रसंगानंतर 'पाहणे' या क्रियेचा इतिहास आम्ही वाचू लागलो आणि त्यात आमच्याच पेशातला एक माणूस भेटला. मॅन्युएल गार्सिया हा गायनाचा शिक्षक. सूर नेमका कुठे जन्मतो, हे त्याला स्वतः पाहायचे होते. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशाशी धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. १८६८ साली फ्रायबुर्गच्या कुसमाउल या वैद्याने ताठ नळी अन्ननलिकेत घालून दाखवली, ती तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या गळ्यात. अशी ताठ वस्तू सरळ आत जाऊ शकते हे त्या कलावंताला वैद्यांच्या आधी ठाऊक होते. १८९५ साली रोंटगेनचे किरण आले. आणि मग अमेरिकेतील शेव्हालिए जॅक्सन (१८६५–१९५८) या वैद्याने माणसांच्या गळ्यांतून, अन्ननलिकांतून आणि श्वासमार्गांतून निघालेल्या वस्तू जपून ठेवल्या. २३७४ वस्तूंचा हा संग्रह आज फिलाडेल्फियातील म्यूटर संग्रहालयात आहे: सेफ्टी पिना, नाणी, बटणे, खेळण्यांचे तुकडे, हाडे, बिया. प्रत्येक वस्तू म्हणजे कुणाच्या तरी 'इथे काहीतरी आहे' या वाक्याची सिद्धता आहे.

मात्र वाक्य नेहमी मिळतेच असे नाही. लहान मूल नाणे गिळते आणि सांगत नाही. कित्येकदा त्याला काही त्रासही दिसत नाही. तिथे चित्रच वाचावे लागते, आणि वाचनातला बारकावा जीव वाचवतो. अन्ननलिकेतले नाणे समोरून काढलेल्या चित्रात बहुधा पूर्ण गोल दिसते. तसाच गोल दिसतो घड्याळे, रिमोट आणि खेळणी यांतल्या चपट्या बटण-सेलचा. नीट पाहिले तर सेलच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ दिसते, आणि बाजूने काढलेल्या चित्रात एक पायरी. एवढाच फरक. पण नाण्याला थोडा अवधी देता येतो, सेलला मुळीच नाही. ओल्या भिंतीला टेकताच त्यातून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूला तीव्र अल्क तयार होते आणि २ तासांतही अन्ननलिका भाजू शकते. म्हणून सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचे आणि ओकारी काढायची नाही. मूल एक वर्षावरचे असेल, गिळू शकत असेल आणि घटना १२ तासांच्या आतली असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, अशी सूचना अमेरिकेतील विषबाधा-मार्गदर्शनात २०१८ पासून आहे. मधासाठी थांबायचे मात्र नाही. सुश्रुताचा मध येथे पुन्हा भेटतो. त्यावरून पूर्वजांना सगळे ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा. त्यांचा मध जखमेसाठी होता, सेलसाठी नव्हता. आणि वस्तू अन्नमार्गात न जाता श्वासाची वाट अडवत असेल, माणसाला बोलता-खोकता येत नसेल, तर हा सगळाच विचार बाजूला ठेवून तत्काळ पाठीवर धपके आणि पोटावर दाब देणे, हा वेगळा आणि सेकंदांचा मामला आहे.

जातककथांत एक सिंह आहे. त्याच्या गळ्यात हाड अडकते. बोधिसत्त्व त्या जन्मी सुतारपक्षी असतो. तो मदत करायला तयार होतो, पण तोंडात शिरण्यापूर्वी सिंहाच्या दोन जबड्यांमध्ये एक काठी उभी ठेवतो. मग आत जाऊन चोचीने हाड पाडतो आणि निघताना काठीही पाडतो. पुढे सिंह उपकार विसरतो, म्हणून ही कथा कृतघ्नतेची कथा म्हणून सांगितली जाते. भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद तोंड उघडे ठेवण्यासाठी कोणकोणती साधने वापरतात ते पाहिल्यावर आम्हांला या कथेतली काठी अधिक मोलाची वाटू लागली आहे. कथाकाराने तात्पर्याकडे जाताना वाटेतली ती काठी गाळली नाही. हाड त्याच्यासाठी हाडच होते.

साहित्याच्या शिक्षणात आपण मुलांना शब्दाच्या पलीकडे जायला शिकवतो आणि ते योग्यच आहे. परंतु पलीकडे जाण्याची सवय इतकी जडते, की अलीकडे काय आहे हे पाहायचे राहून जाते. पात्र उपाशी असेल, तर आपण अस्तित्वाची भूक शोधतो. पात्राचा घसा दुखत असेल, तर दडपलेला आवाज. अर्थ खोल असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही, आणि विशेषतः जी माणसे कमी बोलतात, म्हातारी असतात, बाया असतात, एकट्या राहतात, त्यांच्या वाक्यांवर असे खोल अर्थ फार सहज लादले जातात. आत्याच्या आयुष्यात गिळलेले दुःख नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ होते. पण त्या बुधवारी तिच्या गळ्यात तांबोशीचे हाड होते, आणि तिने ते चार शब्दांत, जागेसह सांगितले होते. 'मनावर घेतात' असे म्हणणाऱ्याने तिच्या मनाचा आदर केला, असेही नाही. मनाचे नाव घेऊन त्याने तिच्या शरीराकडे पाहणे तेवढे थांबवले.

ती पुढे सहा वर्षे जगली आणि त्या हाडाबद्दल क्वचितच बोलली. डॉक्टरबाईंनी ते एका छोट्या बाटलीत घालून दिले होते. ती बाटली अजून आमच्याकडे आहे. 'शल्य' शब्द शिकवायची वेळ येते तेव्हा आम्ही ती वर्गात घेऊन जातो, पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत फिरू देतो, आणि प्रत्येकाने ते टोक पाहून झाल्यावर मग कवितेकडे वळतो.